भाग ७ : किरण वाटेत कुठे अडतो?

गेल्या आठवड्यात आपण संगणकाच्या सीरियल पोर्टला लावायचा इन्फ्रारेड रिसीव्हर जोडला. टीएसओपी १७३८ हा इन्फ्रारेड सेन्सर, ७८एल०५ हा छोटा रेग्युलेटर, एक डायोड, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढंच सामान. तरी रिमोट दाबल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी हातात सोल्डरिंग आयर्न घेऊ नका, मल्टिमीटर घ्या. सिग्नल रिमोटपासून प्रोग्रॅमपर्यंत ज्या वाटेनं येतो, त्याच वाटेनं आपणही जायचं.

रिमोटची परीक्षा सोपी. मोबाइलचा कॅमेरा त्याच्या एलईडीसमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा, साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरून बघा.

आता वीजपुरवठा. सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा थांबू. या सर्किटला वेगळी बॅटरी नाही. ते पोर्टच्या ७ नंबरच्या पिनेवर, म्हणजे आरटीएसवर जगतं. पण लिर्क या रिमोटचे संकेत वाचणाऱ्या लिनक्सच्या सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरनं पोर्टचा ताबा घेईपर्यंत ही पिन ऋण व्होल्टेजवर असते आणि आपला डायोड ते व्होल्टेज अडवतो. म्हणून नुसता संगणक चालू करून रेग्युलेटरवर मीटर लावलं, तर शून्य दिसणारच. त्यावरून रेग्युलेटर जळाला असं ठरवू नका. आधी ड्रायव्हर लोड करा, लिर्कचा ‘मोड-टू’ हा प्रोग्रॅम चालू ठेवा आणि मग मोजा. रेग्युलेटरच्या आत ७ व्होल्ट तरी हवेत, बाहेर ५. जुन्या डेस्कटॉपवर आत १०-११ सहज मिळतात. काही लॅपटॉपचे पोर्ट मात्र ५-६ व्होल्टच देतात, त्यांच्यावर हे सर्किट उपाशीच राहतं.

आत ११ आहेत आणि बाहेर ५ येत नाहीत? मग रेग्युलेटरचे पाय बघा. मोठ्या ७८०५ ची छापील बाजू समोर धरली, तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा क्रम असतो. छोट्या ७८एल०५ ची सपाट बाजू समोर धरली, तर तो नेमका उलटा. माझा पहिला रिसीव्हर इथेच अडला होता. टीएसओपीचंही तसंच आहे: १७३८ चा पहिला पाय ग्राउंड, तर ४८३८ चा पहिला पाय आउटपुट. दुकानात एकाऐवजी दुसरा हातात आला, तर डेटाशीट बघितल्याशिवाय लावू नका.

मीटर आता टीएसओपीच्या आउटपुटवर न्या. रिमोट शांत असताना ५ व्होल्ट हवेत. बटण दाबून ठेवलं, की आकडा थोडासाच, साधारण साडेचारपर्यंत उतरतो. आउटपुट दर वेळी शून्यालाच जातं, पण काही मिलिसेकंदांपुरतं, आणि मीटर सरासरी दाखवतं. हा किंचितसा उतार दिसला, की रिसीव्हर जिवंत आहे.

इथवर ठीक, तरी पडदा कोरा असेल तर प्लगकडे वळा. मादी प्लगला मागून सोल्डर करताना पिनांचा क्रम आरशातल्यासारखा उलटतो. मग १ च्या जागी ५ आणि ७ च्या जागी ८ जोडली जाते. प्लास्टिकवर पिनेशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात, भिंगानं वाचा. लिनक्सच्या नेहमीच्या सीरियल ड्रायव्हरनं पोर्ट धरून ठेवला असेल, तर ‘सेटसीरियल’ वापरून तो आधी सोडवावा लागतो.

नव्या संगणकाला सीरियल पोर्ट नसतो, म्हणून कित्येक जण यूएसबी कन्व्हर्टर आणतात. या सर्किटला तो चालत नाही. आपला सिग्नल अक्षरांच्या रूपात डेटाच्या पिनेवर येतच नाही. तो १ नंबरच्या डीसीडी पिनेवर चढतो-उतरतो, आणि प्रत्येक चढउतार नेमका कधी झाला ते ड्रायव्हर इंटरप्टवर मोजतो. यूएसबीवर ही बातमी गठ्ठ्यानं आणि उशिरा पोचते. अर्ध्या मिलिसेकंदाचा हिशेब तिथे टिकत नाही.

याउलट, रिमोटला हात न लावता ओळी धावत असतील तर खोलीतला सीएफएल बंद करून बघा. त्याचा इलेक्ट्रॉनिक चोक दहा किलोहर्ट्झच्या काही पटींवर चालतो, आणि टीएसओपी ३८ किलोहर्ट्झची वाट बघत असतो. कपॅसिटर टीएसओपीच्या पायांना अगदी चिकटून लावा, पुरवठ्याच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर घाला. बराच गोंगाट थांबतो. सोनीचा रिमोट ४० वर आणि फिलिप्सचा आरसी-५ हा ३६ वर बोलतो. तेही ऐकू येतात, पल्ला तेवढा कमी होतो.

एनईसी पद्धतीच्या रिमोटचं बटण दाबल्यावर ‘मोड-टू’मध्ये ९००० च्या आसपासचा पल्स आणि मागोमाग ४५०० ची स्पेस दिसली, की वाट मोकळी झाली. हे आकडे मायक्रोसेकंदांचे आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांच्यापासूनच एकेका बटणाची नोंद तयार करू. तोवर रिमोटमध्ये नवे सेल घालून ठेवा.