विसरायला लागण्याच्या कितीतरी आधी

आजचा विषय अल्झायमर. आजी-आजोबांचा आजार म्हणून स्किप करू नका.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे 20 टक्के. त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज. पेट स्कॅनच्या वेळी ग्लुकोजसारखाच, किंचित किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. मेंदूचा कुठला भाग किती इंधन घेतोय, ते त्यावरून कळतं. अल्झायमरच्या अगदी सुरुवातीला मेंदूच्या मागच्या बाजूचा, आठवणींशी जोडलेला एक भाग कमी ग्लुकोज घेताना दिसतो.

2004 साली अमेरिकेत एरिक रायमन यांच्या गटाने 20 ते 39 वयाच्या निरोगी लोकांचे स्कॅन तपासले. ज्यांच्यात धोका वाढवणारा एपीओई-4 हा जनुकाचा प्रकार होता, त्यांच्यात तशीच घट दिसली. स्मरणशक्ती मात्र ठणठणीत!

मग घाबरायचं का? मी म्हणेन, नाही. हे जनुक असूनही अनेकांना अल्झायमर होत नाही. आणि गोड जास्त खाऊन ही घट भरूनही निघत नाही. पण बीपी, डायबेटिस, सिगारेट, व्यायाम यांकडे विशी-तिशीतच लक्ष देणं आपल्या हातात आहे. म्हातारपणातल्या मेंदूची काळजी आत्तापासूनच सुरू होते.