सलाईन : कोणास द्यावे, कोणास नाही?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो. सिन्नरकडून शहरातील मोठ्या रुग्णालयांकडे निघालेल्या रुग्णवाहिका येथे नित्य दिसतात. त्यांतील रुग्ण पुष्कळदा आधी आपल्यापैकीच कोणाच्या दवाखान्यात येऊन गेलेला असतो. नातलगांचा आग्रह ठरलेला : "डॉक्टर, एक सलाईन लावा, म्हणजे तरतरी येईल." या आग्रहाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

शिरेतून द्रव दिल्यास हृदयाकडे परतणारे रक्त वाढते आणि सक्षम हृदय ते पुढे ढकलते. मात्र यास मर्यादा आहे. ती ओलांडली की द्रव फुप्फुसांत साचतो व श्वास कोंडतो. रक्ताभिसरण खालावलेल्या अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचेच हृदय द्रवाला प्रतिसाद देते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मग हा निम्मा भाग आधी ओळखावा कसा?

एक उपाय सोपा वाटतो. अर्धवट बसत्या स्थितीतील रुग्णाचा पलंग असा फिरवतात की धड आडवे होते व पाय ४५ अंश उचलले जातात. सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येते. मिनिटभरात हृदयाचा रक्तपुरवठा १० टक्के वा अधिक वाढल्यास प्रतिसाद आहे असे समजतात. पाय खाली घेताच रक्त माघारी जाते. बाहेरचा एक थेंबही द्यावा लागत नाही. परंतु ही वाढ उपकरणानेच मोजावी लागते; केवळ रक्तदाब पाहून निर्णय करता येत नाही.

दुसऱ्या उपायास मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मोलाची जोड दिली. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या नाडीदाबात श्वासागणिक चढउतार होतो; तो मोठा असल्यास हृदय द्रवाला प्रतिसाद देईल असे मानतात. मात्र फुप्फुसांच्या रक्षणासाठी श्वास लहान, म्हणजे दर किलोस ६ मिलिलिटर ठेवल्यास हे लक्षण फसवे ठरते. डॉ. शीला मायत्रा व सहकाऱ्यांनी श्वास केवळ एक मिनिट ८ मिलिलिटर करून पाहिला. चढउतार ३.५ टक्क्यांनी किंवा अधिक वाढला, तर प्रतिसादाचे अनुमान विश्वसनीय ठरले. २० रुग्णांवरील हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण स्वतः श्वास घेत असल्यास वा हृदयाची लय अनियमित असल्यास ही कसोटी लागू पडत नाही.

नाडीशी आपला परिचय जुना आहे. तथापि हे मोजमाप बोटांचे नव्हे, धमनीत घातलेल्या नळीचे आहे. ते दवाखान्यात करू जाऊ नये. घ्यावयाचा तो विचार असा, की प्रतिसाद म्हणजे गरज नव्हे. निरोगी माणसाचे हृदयही द्रवाला प्रतिसाद देते, म्हणून त्यास सलाईन लावावे असे होत नाही. मात्रा, काळ व रुग्णबल पाहून योजना करावी, हे आपल्या शास्त्राचे सूत्र येथेही खरे ठरते.

तेव्हा केवळ अशक्तपणासाठी सलाईन लावू नये. धाप, पायांवर सूज, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास विशेष जपावे. जुलाबाचा रुग्ण पिऊ शकत असेल तर ओआरएस द्यावे. औषधविक्रेत्यांनी पाकिटावर लिहिलेल्या मापाचेच पाणी घेण्यास आवर्जून सांगावे आणि चिठ्ठीवाचून सलाईनची बाटली देऊ नये. मात्र जुलाबाने शुष्क झालेल्या, ग्लानीत गेलेल्या रुग्णास शिरेतून द्रव देण्यास विलंब नको. ती सोय नसेल तर त्यास तत्काळ रुग्णालयाकडे रवाना करावे. सोबतच्या चिठ्ठीत आजवर किती द्रव दिला व लघवी केव्हा झाली, एवढे अवश्य लिहावे. अतिदक्षता विभागातील वैद्यकांचा पुढील निर्णय त्या दोन ओळींनी सुकर होतो.