किल्लीची अंगठी

करकंबसारख्या गावांतील जुन्या वाड्याचें दार आपण पाहिलें असेल. आंतून भिंतीच्या खोबणींत सरकणारा लांकडी अडसर, बाहेरून कडी-कोयंडा आणि त्यांत अडकविलेलें जाडजूड लोखंडी कुलूप. किल्ली मात्र दारापाशीं सांपडायची नाहीं. ती घरांतील वडील बाईच्या कमरेला. सासूनें तो जुडगा सुनेच्या हातीं दिला म्हणजे घरांतील राज्य पालटलें, हें कोणास वेगळें सांगावें लागत नसे.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन घरांतही किल्लीला असाच मान होता. इ. स. पूर्व ४४ मध्यें सिसेरोनें अँटनीवर टीका करतांना, त्यानें आपल्या नटीला काडीमोड दिली, ती जुन्या ‘बारा पट्टिकां’च्या कायद्याप्रमाणें तिच्याकडून किल्ल्या काढून घेऊन, असा टोमणा मारला आहे. किल्ल्या गेल्या कीं गृहिणीपद गेलें!

हें रोम आपणांस अगदींच परकें नाहीं. बार्शीपलीकडील तेर म्हणजे तेव्हांचें तगर. तेथील कापड भडोच बंदरीं जात असे, असें पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरवृत्तांत नमूद आहे.

आतां त्या कुलुपाची करामत पाहूं. त्याच्या सरकत्या काशाच्या दांड्याला चौकोनी, त्रिकोणी अशीं भोकें असत. वरून तशाच आकाराच्या खुंट्या त्यांत पडल्या कीं दांडा जागच्या जागीं अडकला. किल्लीचे दांत खालून भोकांत शिरून खुंट्या वर उचलीत आणि त्यांची जागा स्वतः घेत. मग किल्ली फिरवावयाची नाहीं. दांड्यासह बाजूला सरकवावयाची. भोकांची मांडणी निराळी, म्हणजे किल्लीही निराळी.

मोठ्या किल्लीचें पातें पुष्कळदां लोखंडी व मूठ काशाची, सिंहमुखाची असे. लोखंड गंजून गेलें, सिंह उरला. म्हणून संग्रहालयांत कित्येकदां नुसती मूठच दिसते. रोमन पोषाखाला खिसा नसे. तेव्हां लहान किल्ली अंगठीला जोडून बोटांत घालीत. असली किल्ली वाड्याच्या दाराची नव्हे, दागिन्यांच्या पेटीची. पण ती चारचौघांत दिसे, आणि पेटी कोणाच्या ताब्यांत आहे तें न बोलतां कळे. मला वाटतें, नक्षीचें खरें कारण हेंच.

आमच्या कारागिरानें हौस केली ती बहुधा कुलुपावर. त्यानें प्राण्यांच्या आकाराचीं कुलुपें घडविलीं. किल्ली मात्र साधीच राहिली, कारण ती कमरेला, पदराआड असावयाची.