दादीची पाटी

रमजान सुरू झाला की घराघरांत कुरआनची तिलावत वाढते. तीस पाऱ्यांचा कुरआन आणि तीस दिवसांचा महिना. रोज एक पारा वाचला की ईदच्या चंद्रापर्यंत एक ‘खत्म’ पुरा होतो. हा हिशेब घरात सर्वांत काटेकोरपणे पाळते ती दादी. चंद्र एकोणतिसाव्या रोजालाच दिसला तर पारा राहून जायचा, म्हणून एखाद्या दिवशी ती दोन पारे उरकून ठेवते.

नाहूरसारख्या उपनगरातली अशी दादी बहुधा गावाहून आलेली असते, कधी कोकणातून, कधी मराठवाड्यातून. मुलगा आणि सून नोकरीवर, नातवंडे शाळेत. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या या स्थानकावर गाडी थांबली की ती शेजारणीला विचारते, “नाहूर आलं का?” जेर-जबरसकट अरबी अक्षरे सरसर वाचणाऱ्या दादीला फलाटावरची देवनागरी पाटी वाचता येत नाही. बँकेत पैसे काढायचे तर अंगठा आणि औषधाच्या पुडीवरचे वाचायला नातू.

जनगणनेच्या लेखी ती निरक्षर. कोणतीही एक भाषा समजून वाचता आणि लिहिता आली पाहिजे, अशी साक्षरतेची व्याख्या आहे. दादी अरबी वाचते, पण त्याचा अर्थ तिला कोणी सांगितला नाही, आणि लिहायला तर कोणी शिकवलेच नाही. व्याख्या चुकीची नाही. तरी गावात हीच बाई शिक्षिका होती, हे त्या रकान्यात मावत नाही. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याची ‘बिस्मिल्लाह’ करायची, म्हणजे पहिला धडा द्यायचा, अशी रीत अनेक घरांत आहे. तो धडा पुढे चालवायचा तो अशाच एखाद्या उस्तानीने. दुपारी ओसरीवर आळीतली मुले जमायची. आधी ‘कायदा’, म्हणजे अक्षरांची पहिली पुस्तिका, मग सिपारा. फी नाही, कोणी अंडी आणून देई, कोणी भाजी. मोठी झालेली ती मुले आजही सुट्टीत गावी गेली की आधी उस्तानीला सलाम करायला जातात.

वाचणाऱ्या हाताला लेखणी का मिळाली नाही? मुलगी लिहायला शिकली तर चिठ्ठ्या लिहील, ही भीती! एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातल्या बिजनौरकडच्या एका खेड्यातल्या अशरफुन्निसा बेगम यांची हकिकत उर्दू वाचकांना ठाऊक आहे. कुरआन शिकलेल्या या मुलीला लिहिण्याची मनाई होती. दुपारी घर झोपले की ती तव्याची काजळी घेई, माठाच्या झाकणात कालवी, केरसुणीची काडी उपसून गच्चीवर जाई आणि दिसतील तशी अक्षरे गिरवी. पुढे त्याच अशरफुन्निसा लाहोरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि मुलींच्या लाडक्या ठरल्या. १९०३ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या पत्रिकेच्या संपादक मुहम्मदी बेगम यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

आणि ही मनाई धर्माच्या नावावर खपवली गेली, हे अधिक खटकते. हिराच्या गुहेत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर उतरलेला पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’. लगेच पुढे उल्लेख येतो तो लेखणीचा. मदिनेत शिफा बिन्ते अब्दुल्लाह या बाई लिहायला शिकवत. पैगंबरांच्या पत्नी हजरत हफ्सा यांनी त्यांच्याकडूनच लेखन शिकल्याचे हदीसमध्ये येते. रमजानच्या सतराव्या तारखेला झालेल्या बद्रच्या लढाईनंतर, जे कैदी लिहू-वाचू शकत त्यांनी दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि सुटावे, अशी खंडणी ठरल्याचे चरित्रग्रंथ सांगतात.

नाहूरहून मध्य रेल्वेने कल्याण आणि तिथून पुढे एसटीने मुरबाड. त्या तालुक्यात फांगणे हे छोटे गाव आहे. २०१६ च्या शिवजयंतीच्या सुमारास तिथे बायकांचे पोथीवाचन चालले होते. आम्हालाही हे वाचता आले असते तर, असे म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवले. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतले. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत मिळाली आणि त्याच वर्षी ८ मार्चला, जागतिक महिलादिनी, ‘आजीबाईंची शाळा’ भरली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या तीसेक आज्या, अंगावर गुलाबी साडीचा गणवेश, खांद्यावर दप्तर, हातात पाटी-पेन्सिल. कोणाला दिसत नव्हते, कोणाला ऐकू कमी, कोणाचा हात थरथरायचा. काल गिरवलेले अक्षर आज आठवायचे नाही. शिकवायला गावातलीच एक सून. तिची सासूही त्याच वर्गात! सासूला बाराखडी चुकल्यावर सून काय म्हणत असेल, याचे कुतूहल कोणालाही वाटेल. गृहपाठाला नातवंडे होतीच. बँकेत अंगठ्याच्या जागी सही आली, तिचा अभिमान आज्यांनी पाहुण्यांजवळ बोलून दाखवला.

फांगण्याच्या आजीला तिची पोथी वाचता येत नव्हती. तिथून ती शिकायला निघाली. नाहूरच्या दादीला तिची पोथी वाचता येते, पण बँकेची स्लिप नाही. खरे तर दादीचे काम सोपे आहे. अक्षराला अक्षर जोडले की शब्द होतो, हे तिला सहाव्या वर्षीच कळले आहे. तिने ते कितीतरी मुलांना शिकवलेही आहे. आता फक्त उजवीकडून डावीकडे जायचे सोडून डावीकडून उजवीकडे यायचे.

फांगण्याची शाळा घरकाम आटोपल्यावर, दुपारी दोन ते चार भरायची. रोजाच्या दिवसांत जुहरच्या नमाजनंतर दादीही मोकळीच असते. इफ्तारच्या तयारीला, भजी-फळांना वेळ असतो, आणि शाळेतून आलेला नातू दप्तर टाकून सोफ्यावर लोळत असतो. त्याच्या कंपासपेटीत पेन्सिल असते, वहीत कोरी पानेही असतात. पहिल्या पानावर त्याने दादीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. तिला गिरवायला.