परतीची विद्या

पतंगाच्या ओढीनें फळीवर उभें राहून लाटांवरून धांवण्याचा ‘काइटबोर्डिंग’ हा खेळ पाहणाऱ्यास मोठा मोहक वाटतो. ब्रुनो व डॉमिनिक लगेन्यू या फ्रेंच बंधूंनीं १९८४ सालीं हवेनें फुगविलेल्या पतंगाचें पेटंट घेतलें. असा पतंग पाण्यांत पडूनहि पुन्हां उडवितां येतो. म्हणूनच हा खेळ पुढें अनेकांच्या आटोक्यांत आला.

मात्र नवशिक्यास आरंभींच फळी देत नाहींत. प्रथम तो नुसत्या देहानें पाण्यांतून ओढला जाण्यास शिकतो. फळी सुटली कीं ती मागें राहते आणि मनुष्य वाऱ्याबरोबर पुढें वाहत जातो. अशा वेळीं पतंग एका बाजूस खालीं स्थिर धरून एक हात दांड्यावर ठेवावा व दुसरा पाण्यांत ताठ पुढें करावा. तो हात होडीच्या कण्याचें काम करतो, आणि तिरप्या फेऱ्या घेत फळीपर्यंत पोंचतां येतें.

पतंगच निकामी झाला तर सुटकेची कळ ओढून त्याचें बळ घालवावें. प्रथम सुरक्षेची दोरी दांड्यास गुंडाळावी, मग इतर दोऱ्या. सैल दोरी हातापायांत गुरफटूं देऊं नये. शेवटीं पतंगाचीं टोकें धरून त्याचेंच शीड करावें व किनारा गांठावा. हा सराव उथळ पाण्यांत, शिक्षकाच्या देखत करावा. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतां पाण्यांत उतरूंच नये.

घरांतील तरुणानें या खेळाची परवानगी मागितल्यास वडीलधाऱ्यांनीं “किती उंच उडतोस?” असें न विचारतां “फळी सुटली तर परत कसा येशील?” असें विचारावें.