घाटांतील वळण व घसरणारी गाडी

पहिला पाऊस पडला कीं पुण्यांतील कित्येक कुटुंबें कात्रज, दिवे किंवा सिंहगडच्या घाटाकडे निघतात. गाडी बहुधा घरांतील तरुण मुलाच्या अगर सुनेच्या हातीं असते आणि मागें वडील मंडळी बसलेलीं असतात. अशा वेळीं गाडी वळणावर कां घसरते, हें घरांत सर्वांसच ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

चार चाकांपैकीं प्रत्येकाचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्यास टेकलेला असतो. वेग वाढविणें, तो उतरविणें आणि वळणें हीं तिन्ही कामें तेवढ्याच पकडीच्या पुंजींतून भागवावयाचीं. ऐन वळणांत ब्रेक जोरानें दाबला तर ती पुंजी तेथेंच खर्च होते आणि वळण्यास कांहीं उरत नाहीं. शिवाय वेग दुप्पट झाला कीं वळणास पकड चौपट लागते. ताशीं ३० किलोमीटरनें सहज साधलेलें वळण ६० नें घेतांना अंगावर येतें तें यामुळेंच. पहिल्या सरींत तेल व धूळ यांचा राडा होऊन पुंजीच घटते. मागें बसलेल्या आजीबाई ‘हळू, हळू’ म्हणतात, तेव्हां पदार्थविज्ञान त्यांच्याच बाजूचें असतें!

पुढचीं चाकें सुटलीं तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. तें आणखी पिळूं नये. पाय हलकेच उचलून स्टिअरिंग किंचित् परत घ्यावें, म्हणजे पकड येते. मागचीं चाकें सुटलीं तर ब्रेक न दाबतां, गाडीचा मागचा भाग जिकडे जाईल तिकडेच स्टिअरिंग वळवावें व गाडी सांवरतांच सरळ करावें. घाबरलेल्या हातांस हें सुचणें कठीण.

रॅलीचे चालक मुरमाड रस्त्यावर मागचा भाग मुद्दाम घसरवितात, कारण त्यायोगें गाडीचें तोंड पुढच्या दिशेस लवकर लागतें. परंतु त्यांचा रस्ता रहदारीस बंद असतो आणि शेजारचा सोबती वळणांचीं टिपणें वाचून दाखवीत असतो. समोरून एस. टी. येत असतां घाटांत तसें करूं पाहणाऱ्यास आम्ही कुशल म्हणणार नाहीं.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींस ए. बी. एस. सक्तीचें झालें. त्यामुळें ब्रेक दाबल्यावर चाकें जखडत नाहींत व गाडी वळवितां येते. पकड मात्र त्यानें तसूभरही वाढत नाहीं. म्हणून वेग वळणापूर्वींच, सरळ रस्त्यावर उतरवावा, आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडूं नये. निघण्यापूर्वीं टायरहि पाहावे. खांचांच्या तळाशीं बारीक उंचवटे असतात; रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें असेल तर टायर बदलल्याखेरीज घाटाकडे जाऊं नये.