आगीचा तपास करणाराच आग लावतो तेव्हा

‘स्मोक’ ही नऊ भागांची अमेरिकी गुन्हे-मालिका २७ जून २०२५ रोजी ॲपल टीव्ही प्लसवर सुरू झाली. ‘मिस्टिक रिव्हर’ आणि ‘शटर आयलंड’ या कादंबऱ्यांचे लेखक डेनिस लेहेन हे तिचे कर्ते. मुख्य भूमिकेत टॅरन एजर्टन आहे; लेहेन यांच्या ‘ब्लॅक बर्ड’ या २०२२ च्या मालिकेतही तोच होता. ‘स्मोक’ला आधार आहे तो ‘फायरबग’ या पॉडकास्टचा, आणि त्या पॉडकास्टचा विषय आहे जॉन लिओनार्ड ऑर या कॅलिफोर्नियातल्या अग्निशमन अधिकाऱ्याचे खरे प्रकरण. मालिकेच्या पहिल्या भागाचे वजन कळायचे तर हे प्रकरण आणि आगीचा तपास नेमका कसा होतो, या दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात. मालिकेतले मोठे रहस्य पुढील मजकुरात उघड होते, हे ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी लक्षात घ्यावे.

पहिल्या भागाची मांडणी

कथा घडते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या अंबरलँड या काल्पनिक शहरात. डेव्ह गडसेन हा पूर्वी अग्निशमन दलात जवान होता, आता आगींचा तपास करतो. पहिल्या भागात प्रेक्षकाची त्याच्याशी ओळख होते ती जाणकार म्हणून. आग कशी वागते, कशी पसरते, आत अडकलेल्या माणसाचे काय करते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही असे वाटावे, अशीच ही ओळख रचलेली आहे.

शहरात दोन वेगवेगळ्या माणसांनी आगीचे सत्र चालवले आहे. एक जण दुकानांना लक्ष्य करतो. काही वेळाने पेट घेणारी वस्तू मालात दडवून तो निघून जातो. दुसरा तेलाने भरलेले दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन लोकांच्या घराशी नेऊन पेटवतो. दोघेही हाती लागत नाहीत, म्हणून पोलीस खाते मिशेल कॅल्डरोन या डिटेक्टिव्हला गडसेनच्या जोडीला देते. जर्नी स्मॉलेटने ही भूमिका केली आहे. पूर्वी मरीन दलात असलेल्या मिशेलचे वरिष्ठ अधिकाऱ्याशी असलेले संबंध बिघडले आहेत आणि त्याची किंमत ती बदलीच्या रूपाने मोजते आहे.

अनुभवी पुरुष, नवी आलेली स्त्री आणि दोघांनी मिळून धरायचा गुन्हेगार, असा हा ओळखीचा साचा आहे. पहिला भाग तो मुद्दामच वापरतो. या साच्यात प्रेक्षक संशय घेतो तो बाहेरच्यांवर. माहिती देणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्यावर तो विश्वास टाकतो. मिशेलच्या बरोबरीने प्रेक्षकही गडसेनकडून शिकू लागतो आणि त्याच्या शब्दावर विसंबायला लागतो. पहिले दोन भाग एकाच दिवशी प्रदर्शित झाले. दुसऱ्या भागाच्या शेवटी कळते की दुकाने पेटवणारा माणूस गडसेनच आहे. त्यानंतर पहिला भाग पुन्हा पाहिला तर त्यातले प्रत्येक स्पष्टीकरण वेगळे ऐकू येते. गुन्हेगार आपल्याच गुन्ह्याचा तज्ज्ञ म्हणून बोलत होता.

आगीचा तपास कसा होतो

बहुतेक गुन्ह्यांत घटनास्थळ पुरावा जपून ठेवते. आग मात्र पुरावा जाळते. उरलेला बंबाच्या पाण्याने वाहून जातो किंवा कोसळलेल्या छताखाली गाडला जातो. म्हणून तपासाची सुरुवात दोन प्रश्नांनी होते: आग नेमकी कुठे लागली आणि कशाने लागली. क्रम महत्त्वाचा आहे. उगमाची जागा चुकली की कारणही चुकतेच, कारण मग शोध भलत्याच ठिकाणी होतो.

उगम शोधण्यासाठी तपासनीस कमी जळालेल्या भागाकडून जास्त जळालेल्या भागाकडे सरकतो. ज्वाळा आणि तप्त वायू वर चढताना पसरतात, म्हणून भिंतीवर बऱ्याचदा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा डाग उमटतो आणि त्याचे खालचे टोक जळणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवते. राखेचे आणि पडझडीचे थर एकेक करून उपसले जातात. पेट्रोल किंवा रॉकेलचा संशय असेल तर जळका गालिचा, लाकूड किंवा माती हवाबंद डब्यात भरतात, कारण साध्या पिशवीतून वाफ उडून जाते. प्रयोगशाळेत ही वाफ गोळा करून गॅस क्रोमॅटोग्राफीने तिचे घटक वेगळे केले जातात. वासावरून अशी द्रव्ये हुडकणारी प्रशिक्षित कुत्रीही वापरली जातात. पण कुत्र्याने दिलेल्या इशाऱ्याला प्रयोगशाळेचा दुजोरा लागतो.

या सगळ्यात मोठा अडथळा असतो फ्लॅशओव्हरचा. बंद खोलीत छताखाली तप्त धुराचा थर साचतो. त्याचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की त्याच्या उष्णतेने खालचे फर्निचर, कपडे, गालिचा असे सारेच जवळजवळ एकदम पेट घेते. तोवर एका कोपऱ्यात असलेली आग क्षणात साऱ्या खोलीची होते आणि सुरुवातीच्या खुणा पुसल्या जातात किंवा नव्या, फसव्या खुणा तयार होतात.

जॉन ऑर: खरे प्रकरण

ऑरला आधी पोलीस व्हायचे होते. लॉस एंजेलिस पोलीस खात्याने त्याला घेतले नाही. १९७४ मध्ये तो ग्लेनडेल शहराच्या अग्निशमन दलात रुजू झाला आणि पुढे कॅप्टन व आग-तपास अधिकारी झाला. त्याचा लौकिक मोठा होता. तो इतरांना प्रशिक्षण देई, लेख लिही, आणि आगीचा उगम झटकन दाखवून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही असे मानले जाई.

१० ऑक्टोबर १९८४ च्या संध्याकाळी साउथ पॅसाडिनातल्या ओलीज होम सेंटर या घरसामानाच्या मोठ्या दुकानात आग लागली. फोमच्या मालामुळे ती भराभर भडकली आणि चार जण मेले: दुकानातले दोन कर्मचारी, खरेदीला आलेली एक आजी आणि तिचा लहानगा नातू. तपास करणाऱ्यांनी कारण विजेतला बिघाड असे ठरवले. ऑर एकटा आग्रहाने सांगत राहिला की ही आग लावलेली आहे.

जानेवारी १९८७ मध्ये फ्रेस्नो शहरात आग-तपासनिसांची परिषद भरली. त्या दिवसांत फ्रेस्नोत आणि तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावांत दुकानांना आगी लागल्या. बेकर्सफील्डच्या एका हस्तकला साहित्याच्या दुकानात आग लवकर विझली आणि ती लावण्याचे साधन अर्धवट जळलेले सापडले: सिगारेट, काड्या, रबरबँड आणि पिवळ्या रेघांच्या वहीचा कागद. त्या कागदावर एका बोटाचा ठसा शिल्लक होता.

बेकर्सफील्डच्या अग्निशमन दलातले कॅप्टन मार्व्हिन केसी यांनी तारखा आणि रस्ता जुळवला. आगी परिषदेच्या वेळी लागल्या होत्या, घरी परतणाऱ्याच्या वाटेवर लागल्या होत्या. तेव्हा आग लावणारा परिषदेला आलेल्यांपैकीच असावा, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच पेशातल्या माणसांवर घेतलेला हा संशय कोणी मनावर घेतला नाही. मार्च १९८९ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह इथे परिषद भरली आणि या वेळी किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर आगी लागल्या. केसी यांनी दोन्ही परिषदांना हजर असलेल्यांच्या याद्या लावून पाहिल्या आणि दहा नावे उरली. ऑरचे नाव त्यांत होते. तरीही त्या वेळच्या तपासणीत ठसा कोणाशीच जुळला नाही. तो जुळला १९९१ मध्ये, लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या नव्या आगींचा तपास करणाऱ्या पथकाने पुन्हा तपासून घेतला तेव्हा. ठसा जॉन ऑरचा होता.

यानंतर त्याच्या हालचालींवर नजर ठेवण्यात आली, गाडीत माग काढणारे यंत्र बसवण्यात आले आणि ४ डिसेंबर १९९१ रोजी त्याला अटक झाली. त्याच्याकडे ‘पॉइंट्स ऑफ ओरिजिन’ या कादंबरीचे हस्तलिखितही मिळाले. तिचा खलनायक अग्निशमन दलातलाच आणि आग लावणारा. तिच्यात एका दुकानाची आग आहे आणि तीत आजी व नातू मरतात. ऑरने हे सारे काल्पनिक असल्याचे सांगितले. जुलै १९९२ मध्ये संघीय न्यायालयात तीन आगींबद्दल तो दोषी ठरला आणि त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. १९९८ मध्ये ओलीजच्या चार खुनांबद्दलही ज्युरीने त्याला दोषी ठरवले. फाशीवर ज्युरीचे एकमत झाले नाही. त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली. मालिकेतला गडसेनही कादंबरी लिहितो, ती इथूनच. बाकी शहर, माणसे आणि दुधाच्या कॅनवाला दुसरा आरोपी ही लेहेन यांची निर्मिती आहे.

शब्द आणि पुरावा

ऑर इतकी वर्षे निसटला याचे एक कारण त्याच्या पेशाच्या घडणीत आहे. विसाव्या शतकाचा बराच काळ आगीचा तपास हा गुरूकडून शिष्याकडे जाणारा अनुभवाचा वारसा होता. काचेला बारीक जाळीदार तडे गेले म्हणजे आग फार वेगाने तापली आणि म्हणून ज्वलनशील द्रव वापरला असणार; जमिनीवर ओघळासारखा डाग म्हणजे पेट्रोल ओतले; असे ठोकताळे न्यायालयात शास्त्र म्हणून सांगितले जात. प्रयोगांनी ते मोडले. काचेचे तडे तापलेल्या काचेवर पाणी पडल्याने जातात. ओघळासारखे डाग फ्लॅशओव्हरनंतर थेंबभरही पेट्रोल नसताना उमटतात.

१९९१ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये जेराल्ड लुइस याच्यावर घर पेटवून सहा जणांना मारल्याचा आरोप होता. शेजारच्या तशाच घरात तसेच सामान मांडून ते पेटवून पाहिले तेव्हा कोचाला लागलेल्या आगीतून साडेचार मिनिटांच्या आसपास फ्लॅशओव्हर झाला आणि पेट्रोल ओतल्याच्या मानलेल्या खुणा पेट्रोलविना तयार झाल्या. आरोप मागे घेण्यात आला. टेक्सासमध्ये कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमला हे भाग्य लाभले नाही. डिसेंबर १९९१ मध्ये घराच्या आगीत त्याच्या तीन मुली गेल्या. जुन्या ठोकताळ्यांवर उभ्या असलेल्या साक्षीमुळे तो दोषी ठरला आणि १७ फेब्रुवारी २००४ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला. नंतर अनेक आग-तज्ज्ञांनी त्या साक्षीला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले.

२००५ मध्ये लास व्हेगासमध्ये ५३ तपासनिसांना फ्लॅशओव्हर झालेल्या दोन खोल्या दाखवून आग कोणत्या चतुर्थांशात लागली ते विचारण्यात आले. प्रत्येक खोलीचे बरोबर उत्तर केवळ तिघांनी दिले. ज्या कामात निकाल एखाद्याला तुरुंगात किंवा फाशीपर्यंत नेतो, तिथे केवळ नावलौकिकावर विसंबणे किती घातक आहे, हे या एका आकड्यावरून समजते. चुकीचा तज्ज्ञ निरपराध माणसाला गुन्हेगार ठरवतो आणि खरा गुन्हेगार तज्ज्ञ बनून सुटतो. दोन्हींचे मूळ, सांगणाऱ्याचा शब्द न तपासण्यात आहे.

अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९९२ मध्ये ‘एनएफपीए ९२१’ ही मार्गदर्शिका काढली, ती याच गरजेतून. तर्क मांडायचा, त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा शोधायचा आणि टिकला तरच तो निष्कर्ष मानायचा, ही शास्त्रीय पद्धत तिने आगीच्या तपासासाठी घालून दिली. २०११ च्या आवृत्तीने आणखी एक जुनी सवय नाकारली: अपघाताचे कारण सापडले नाही, म्हणून आग लावलेलीच असणार, असा निष्कर्ष काढण्याची. आग कोणी लावली असे म्हणायचे तर ती लावल्याचाच पुरावा दाखवावा लागतो. तो मिळाला नाही तर कारण अनिर्णित राहिले असेच अहवालात लिहायचे असते.